काळ्या चौकटीतली सरुबाई

आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे स्टेशनवरची घोषणा स्वयंपाकघरात बसून ऐकू येते, तिथे अनंतभाऊ बोंडे राहतात. माझ्या नवऱ्याचे, निलेशचे, शाळेपासूनचे सोबती. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. केळीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ते बिल्ट्या लिहितात. म्हणजे बुऱ्हाणपुरातून केळीचा ट्रक दिल्लीला, कानपूरला निघाला की मालाचा जो कागद सोबत जातो, तो यांच्या हातचा. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारलं की ते हसून चहाचा विषय काढतात, म्हणून मी विचारायचं सोडून दिलं.

मी शाळेत शिकवते आणि मला तोंडावर बोलायची सवय आहे. घुम्या माणसांचा मला राग येतो. पण अनंतभाऊंवर राग धरून ठेवता येत नाही. तुम्ही चिडून दहा वाक्यं बोललात की ते "हो ना वहिनी" एवढंच म्हणतात, आणि तेही मनापासून. बाकी सगळं बोलणं ते संध्याकाळी घरी जाऊन कागदावर करतात, चौकटी आखून.

त्यांना चित्रकथा काढायचा नाद आहे. चित्रकथा म्हटली की लोकांना उडणारे वीर आठवतात. अनंतभाऊंच्या चित्रकथेत कोणी उडत नाही. देशात अशी बरीच माणसं आहेत म्हणे, जी नोकरी करून, घर सांभाळून आपले आपण अंक काढतात, झेरॉक्स करतात, टाचतात आणि एकमेकांना पाठवतात. कंपनी नाही, मालक नाही. कोणी स्वतःच्या घटस्फोटावर काढतं, कोणी आजोबांच्या दम्यावर. असलं कोण वाचत असेल, असं मला वाटायचं. मग कळलं की तेच एकमेकांचं वाचतात.

अनंतभाऊंचा अंक एका कागदाचा. एकाच बाजूला छापायचा, मधोमध एक चीर द्यायची आणि विशिष्ट तऱ्हेनं घडी घातली की आठ पानांचं पुस्तक हातात येतं, टाचणीसुद्धा लागत नाही. सपाट असताना मात्र अर्धी पानं उलटी दिसतात. मी हे माझ्या चौथीच्या वर्गाला शिकवलं, पोरं महिनाभर वह्यांची पानं फाडत होती आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

शेवटच्या पानावर ‘खबरबात’ नावाचं सदर असे. कोचीतल्या दोघींनी मासळीबाजारावर अंक काढला. नागपुरातल्या एका बँकवाल्यानं आपली जुनी चित्रं पुन्हा छापली. पुण्यात छोट्या अंकांचा बाजार भरतो आहे, टेबल पाहिजे त्यांनी कळवा. अनंतभाऊ फोनवर त्यांच्या एका ग्रुपात होते, तिथून हे सगळं उतरवून काढायचे. स्वतः कधी कुठे गेले नाहीत. "जाऊन या की एकदा पुण्याला," मी म्हणायची. "हो ना वहिनी," ते म्हणायचे, आणि पुढच्या अंकात पुण्याहून आलेल्या कुणाचं तरी वर्णन छापायचे.

पण बाकीची सात पानं सरुबाईची.

सरुबाई म्हणजे त्यांची आई. नवरा लवकर गेला, तेव्हापासून या बाईनं सगळ्या लालबागेशी, म्हणजे स्टेशनाकडच्या आमच्या या वस्तीशी, भांडून एका मुलाला वाढवलं. भांडण हा तिचा स्वभाव नव्हता, ते तिचं बोलणंच होतं. भाजीवाल्याशी भांडायची आणि उन्हात उभा आहे म्हणून त्यालाच पाणी द्यायची. मी नवी नवरी म्हणून या गल्लीत आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं ओट्यावरून मला हाक मारून विचारलं होतं, "का वं, तुझ्या मायनं तुला पदर धरायला शिकवलं नाही का?" मी रडत घरात गेले. संध्याकाळी ती वाटीभर शेवेची भाजी घेऊन आली, आणि त्यात मीठ जास्त का झालं याचाही दोष तिनं मलाच दिला.

ती गेली दोन हजार एकवीसच्या त्या उन्हाळ्यात. तेव्हाचं काय सांगायचं, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दवाखान्यातून ती घरी आलीच नाही. अनंतभाऊंना तिचं तोंडही पाहता आलं नाही. सांत्वनाला दारावर कोणी गेलं नाही, कारण तेव्हा कोणी कोणाच्याच दारावर जात नव्हतं. दहावा नाही, तेरावा नाही, बायकांचं रडणं नाही. अनंतभाऊ पंधरा दिवस घरात एकटे बंद होते आणि निलेश दाराबाहेर डबा ठेवून परत यायचा.

त्यानंतर बरेच महिने त्यांनी काहीच काढलं नाही. मग एक दिवस नवा अंक हातात ठेवला, आणि त्यात सरुबाई. गॅसच्या सिलिंडरशी भांडते आहे, की तू नेमका पाहुणे आल्यावरच कसा संपतो. दुसऱ्या अंकात तिला कोणीतरी मोबाइलवर बहिणीचा व्हिडिओ कॉल लावून दिला आहे, तर ती फोन कढईवर धरून म्हणते, "घे, वास घे." मी खो खो हसले. अगदी ती. तोच पदर, तेच कमरेवरचे हात. या अंकांतली सरुबाई कधी आजारी पडत नसे. तिला साधा खोकलाही होत नसे. मी एकदा म्हटलंसुद्धा, की भाऊ, हिचं वय वाढू द्या थोडं. त्यावर त्यांनी चहाचा विषय काढला.

अंक काढला की अनंतभाऊ तो चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, बसस्टँडच्या बाकावर, स्टेशनच्या वेटिंगमध्ये ठेवून यायचे. फुकट. लोक घ्यायचेही. कोणी त्यात शेव बांधून न्यायचं, कोणी खिडकीच्या फटीत कोंबायचं. माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या डब्यात पोळीखाली मला सरुबाई सापडली, तेलानं पारदर्शक झालेली. वाचून कोणी त्यांना एक शब्द बोललं असेल तर शपथ. अनंतभाऊ मात्र आठवड्यानं मला विचारायचे, "वहिनी, वाचला?" मी घाईत "छान आहे" म्हणाले की हळूच विचारायचे, "कोणतं पान?" आणि मी पकडली जायची. मग मला त्यांचाच राग यायचा. एवढी वाचायची भूक आहे तर दहा लोकांना धरून दाखवा ना, माझ्या एकटीच्या मागे काय लागता!

मागच्या डिसेंबरात ते स्वतः होऊन आमच्याकडे आले, तेही जेवणाच्या वेळेला. एरवी असं कधी करायचे नाहीत. फोन पुढे करून म्हणाले, "वहिनी, पहा."

फोनवर देशाचा नकाशा होता आणि त्यावर लाल ठिपके. ग्रुपवाल्यांनी ठरवलं होतं, की जानेवारीतल्या एका रविवारी जो तो आपल्या घरी आपल्या चित्रकथांचं प्रदर्शन भरवेल. दिवाणखान्यात, गच्चीवर, जमेल तिथे. मोठा हॉल नको, पाहुणा नको, उद्घाटन नको. शेजारीपाजारी येतील, बघतील, आणि त्यांचा चित्रांसोबतचा एक फोटो ग्रुपवर टाकायचा. सगळे फोटो मिळून एक पुस्तक निघणार होतं. ठिपके पुण्यावर होते, कोचीवर होते, कोलकात्यावर, इंदूरवर. आणि तापीच्या काठाला एक बारीकसा ठिपका होता.

"हा मी," अनंतभाऊ म्हणाले.

निलेश म्हणाला, "अरे वा! नाव आलं ना बुऱ्हाणपूरचं."

"पण लोक पायजेत," अनंतभाऊ म्हणाले. "फोटोत लोक पायजेत. नुसतं घर नाही चालत." त्यांनी फोन परत घेतला आणि पुसला. "येतील ना वहिनी? कोणी तं येईल."

इतकं सरळ त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "न यायला काय झालं? लोकांना बोलवा तर खरं. ओट्यावर कागद ठेवून पळून जाता, तसं नका करू. नाव घालून बोलवा."

तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं. व्हॉट्सॲपवरचं कोणी उघडत नाही, म्हणून कार्डं छापायचं ठरलं. रविवारीच सकाळी पेपरवाल्याच्या हातून घरोघर टाकायची, म्हणजे लोक विसरणार नाहीत. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात स्वतः वाटायची. तुकईथडला त्यांची मावशी राहते, भागाबाई, सरुबाईची धाकटी बहीण, तिच्यासाठी आदल्या दिवशी बसच्या कंडक्टरकडे द्यायचं. कार्ड कसं असेल ते त्यांनी मला दाखवलं नाही. म्हणाले, "छापल्यावर पाहा."

रविवारी सकाळी निलेश पेपर आणायला दारात गेला आणि तिथेच थांबला. मी आतून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "सरुबाईचं आहे. चार वाजता."

आमच्याकडे शोकपत्र घरात आणत नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून वाचायचं, वार आणि वेळ लक्षात ठेवायची आणि फाडून टाकायचं. निलेशनं तेच केलं. पेपर घेऊन तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "तेव्हा राहून गेलं होतं ना त्याचं सगळं," तो म्हणाला. "आता करतोय बिचारा. पांढरा शर्ट काढून ठेव माझा."

प्रदर्शनाचा रविवार आजचाच, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तशीच बाहेर धावले आणि नालीच्या कडेला पडलेले तुकडे उचलून जोडले. पांढरं कार्ड. भोवती बोटभर जाड काळी चौकट. मध्ये सरुबाईचा चेहरा, खाली ठसठशीत अक्षरांत ‘सरुबाई’, त्याखाली ‘रविवारी दुपारी चार वाजता, माझ्या घरी. जरूर यावे. अनंत’. आणि सगळ्यात खाली, भिंग लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत, ‘चित्रकथांचे घरगुती प्रदर्शन’.

मी कपाळावर हात मारला. या माणसानं जन्मभर चौकटी काढल्या होत्या. त्याच्या सगळ्या अंकांत चौकट अशीच जाड असे, कारण झेरॉक्समध्ये बारीक रेघ उडते. त्याला ती चौकट म्हणजे नुसती चौकट. बाकी सगळ्या लालबागेला ती दुरून दिसली तरी हात फाडायला पुढे होतात.

भाऊंना फोन लावला तर उचलला नाही, तोवर निलेश कामाला निघून गेला होता, आणि शाळेच्या कामानं मलाही सकाळी बाहेर जावं लागलं. दुपारी घाईघाईनं अनंतभाऊंकडे गेले, ते त्यांना सांगायलाच. ते स्टुलावर उभे होते. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सुट्या पानांवरच्या सगळ्या सरुबाया लटकत होत्या. पलंग आत नेला होता. सतरंज्या पसरल्या होत्या. नवा कुडता, केसाला तेल. कोपऱ्यात मावा जिलेबीचा मोठा पुडा होता आणि शेजारच्यांकडून मागून आणलेल्या बश्या.

"वहिनी! लवकर आल्या. कसं दिसून राहिलं?"

इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. "भाऊ," मी म्हटलं, "ते कार्ड..."

"पाहिलं ना? कसं झालं? चौकट अशी काढली की कोणी पायलं नाही असं होणार नाही."

मी शब्द जुळवत होते तेवढ्यात दारात भिकन उभा राहिला. भिकन ट्रान्सपोर्टमधला हमालांचा मुकादम. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मान खाली. चार वाजायला बराच वेळ होता, पण दारावर जाताना लोक लवकरच निघतात. त्यानं चपला लांब काढल्या, अनंतभाऊंच्या हाताला नुसता हात लावला, सतरंजीवर जाऊन बसला आणि जमिनीकडे पाहू लागला.

"या, या, भिकनभाऊ!" अनंतभाऊ म्हणाले. "वा! पहिले तुम्हीच."

भिकननं दचकून वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मग एकेक येत गेले. ऑफिसातले, सलूनवाला, टपरीवाला, पलीकडच्या गल्लीतली माणसं, ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत या घराची पायरी चढली नव्हती. निलेश पांढऱ्या शर्टात. बायका एका बाजूला, पदर डोक्यावरून घेतलेल्या. खोली भरली. कोणी बोलत नव्हतं. दोरीवरच्या कागदांकडे कोणी नजर वर करून बघत नव्हतं, कारण अशा घरी इकडेतिकडे बघत नाहीत. अनंतभाऊंना आधी ते अदबीचं वाटलं असावं. ते बश्यांत जिलेबी घालून फिरू लागले. प्रत्येकानं बशीपुढे हात जोडले आणि मान हलवली. दुःखाच्या घरी गोड कोण खातं?

बशी हातात घेऊन ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. त्यांचं हसू अजून तोंडावर होतं, पण ते काय करावं हे न कळून तिथेच राहिलं होतं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि गल्लीतूनच आवाज आला, "माय वं माझी! माझ्या बाई! मला न सांगता गेली वं!"

भागाबाई. थोरल्या बहिणीला ती ‘बाई’च म्हणायची. तिचा मुलगा भूपेंद्र तिला दंडाला धरून आणत होता. ती उंबऱ्यातच बसली आणि कपाळ दाराच्या चौकटीला लावून मोठ्यानं रडू लागली, जसं आमच्याकडे बायका रडतात, नाव घेऊन, एकेक आठवण काढून. बाकीच्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले. सरुबाई गेली तेव्हा जे रडणं झालंच नव्हतं, ते आत्ता त्या खोलीत झालं.

अनंतभाऊ आत स्वयंपाकघरात गेले. मी त्यांच्या मागे गेले.

"वहिनी, हे काय होऊन राहिलं?"

मी सांगितलं. काळी चौकट, मध्ये आईचा चेहरा, खाली नाव, वार, वेळ. लोकांना दुसरं काय वाटणार?

"खाली लिहिलं होतं ना."

"मुंगीएवढं! तेवढं वाचेपर्यंत कोण थांबतं, भाऊ? सगळ्यांनी वेळ पाहिली आणि फाडलं."

"फाडलं?" ते म्हणाले. त्यांना एवढं एकच ऐकू आल्यासारखं वाटलं. "सगळ्यांनी?"

त्यांच्या कुडत्याच्या खिशात फोन थरथरत होता. त्यांनी तो काढला. कोचीचा फोटो आला होता, दोन बायका आणि त्यांच्यामागे हसणारी शेजारची पोरं. पुण्याचा आला होता. इंदूरचा आला होता. खाली कोणीतरी विचारलं होतं, ‘बुऱ्हाणपूर? फोटो?’

मला राहवलं नाही. "भाऊ, बाहेर जाऊन सांगून टाका. चूक झाली म्हणावं, हे प्रदर्शन आहे. लोक दोन मिनिटं गोंधळतील, मग हसतील, जिलेबी खातील. खोली भरलेली आहे. तुम्हाला लोक पाहिजे होते ना? फोटो काढा आणि टाका."

"हसतील?"

"हसतील."

"मावशी पण?"

बाहेर भागाबाईचं चाललंच होतं. अनंतभाऊ ओट्याला टेकले. "वहिनी, तेव्हा बस बंद होती. तरी ती पायी निघाली होती तुकईथडहून. मी फोनवर ओरडलो तिच्यावर. बोललो, येऊ नको, तूही मरशील. अर्ध्या रस्त्यातून परत गेली ती. आता मी तिला काय बोलू? की मावशी, रडू नको, मी तं चित्रं दाखवायला बोलावलं?"

 त्यांनी जिलेबीचा पुडा पिठाच्या डब्यामागे सरकवला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले, जिथे अशा वेळी मुलगा बसतो तिथे. त्यांनी मान खाली घातली. मला त्या वेळी त्यांची इतकी दया आली, की त्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट ते कार्ड कुणाच्या तरी तोंडावर फेकून मारावंसं वाटलं. पण कुणाच्या?

मग अशा वेळी जे होतं ते झालं. कोणीतरी घसा खाकरला आणि आठवणी निघाल्या. भिकन म्हणाला, "माय मला चहा द्यायची. पण आधी शिव्या, मग चहा. बिगर शिव्यांचा चहा मला या घरात भेटलाच नाही." सलूनवाला म्हणाला, की माझ्या दुकानापुढे केस पडतात म्हणून तिनं एकदा माझाच झाडू हिसकून माझंच दुकान झाडलं होतं. एका बाईला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं.

भागाबाई रडून थकली होती. तिनं डोळे पुसून मान वर केली आणि समोरच्या दोरीकडे बघत राहिली.

"ही तं बाई आहे," ती म्हणाली.

ती उंबऱ्यावरून आत सरकली.

"कारे भूपेंद्र, ही बाईच आहे ना? पहाय, कसे हात ठेवले कमरेवर. काय लिहिलं त्याच्यात? वाच."

भूपेंद्र उठला. त्यानं अनंतभाऊंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. तो वाचू लागला. स्टेशनवरची घोषणा होते आहे, गाडी अमुक तास उशिरानं आहे, ‘आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है.’ ओट्यावरची सरुबाई वर बघून ओरडते, ‘खेद आहे तं खाली येऊन बोल ना वं! वरून वरून काय बोलते?’

भागाबाईच्या तोंडून हसू फुटलं. तिनं पटकन तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलतच राहिले. "असंच बोलायची ती," ती म्हणाली. "अशीच होती रांड." आणि पुन्हा रडली, आणि रडता रडता म्हणाली, "पुढचं वाच."

भूपेंद्रनं पुढचं वाचलं. मग भिकन उठला. मग निलेश. मग बायका पदर सावरत दोरीपाशी गेल्या. खोलीभर लोक माना वर करून, हळू आवाजात सरुबाई वाचत होते, एकमेकांना बोलावून दाखवत होते, हसू आलं की गप्प होत होते. गॅसच्या सिलिंडरपाशी तर गर्दी झाली. अनंतभाऊ भिंतीपाशी बसून एकेकाचे चेहरे बघत होते. कोण कोणत्या पानाशी थांबतो ते बघत होते. इतकी वर्षं जे मागत होते, ते सगळं समोर चाललं होतं.

टपरीवाला त्यांच्याजवळ येऊन बसला. "भाऊ, तुम्हीच काढलं का हे सगळं? हे कागद तं मी पायलेले आहेत. मी याच्यात शेव बांधत होतो." तो खरोखर ओशाळला होता.

"बांधा की," अनंतभाऊ म्हणाले. "कागदच आहे."

भूपेंद्रनं फोन काढला. "दादा, एक नंबर है यार ये. सगळे उभे आहेत तं एक फोटो मारू का? तुझ्या ग्रुपमध्ये टाक."

मी अनंतभाऊंकडे पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशातला फोन तेव्हाही थरथरत असणार. सगळे दोरीपाशी होते, उजेड चांगला होता, आणि असं पुन्हा कधी होणार नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

"नको रे," ते म्हणाले. "दुःखाच्या घरी फोटो काढत नाहीत."

भूपेंद्रनं जीभ चावली आणि फोन ठेवून दिला. अनंतभाऊंनी आपलाही फोन काढला, आणि तो बंद करून सतरंजीखाली सारला.

लोक उठू लागले. दुःखाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, नुसतं उठून जायचं असतं. घरच्यानंही ‘या’ म्हणायचं नसतं, दारापर्यंत पोचवायला जायचं नसतं. तसेच सगळे गेले. भिकन गेला, सलूनवाला गेला, बायका गेल्या. कोणी मागे वळून पाहिलं नाही. एवढे वाचणारे एका दिवसात मिळाले, आणि त्यांपैकी एकालाही अनंतभाऊ विचारू शकले नाहीत की कोणतं पान आवडलं. भागाबाईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि शेवटची बस चुकेल म्हणून भूपेंद्रबरोबर निघून गेली. निलेशही बाहेर गेला.

मी बश्या आवरायला थांबले. एका सतरंजीची गुंडाळी करता करता मला वाटलं, आपणही आता न बोलता निघून गेलो तर हा माणूस या चिमट्यांखाली एकटा बसून राहील. आणि गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "मी तर उद्या येते बाई. कोणी काही म्हणो. भाऊ, पुढचा अंक कधी?"

अनंतभाऊ दोरीवरचे चिमटे काढत होते. एक सरुबाई दुसरीवर ठेवत, कडा जुळवत.

"पुढचा कुठून काढू, वहिनी?"

"म्हणजे?"

"ती घरातच होती ना इतके दिवस. ओट्यावर बसायची, बोलायची. मी ऑफिसातून आलो की काढायचो." त्यांनी शेवटचा चिमटा काढला. "मला कोणी येऊन बोललंच नव्हतं की ती गेली म्हणून. दवाखान्यातून फोन आला, बस. फोनवरचं काय खरं मानायचं?"

मी सतरंजीची गुंडाळी खाली ठेवली.

"आज सगळे येऊन बोलून गेले," ते म्हणाले. "एवढे लोक तं खोटं नाही बोलणार."

हातातला गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले.  मी गुंडाळलेली सतरंजी पुन्हा पसरली, तिच्यावर बसले आणि सरुबाईसाठी रडले.  अनंतभाऊ माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.